आत्या, माकूल आणि चार्ल्स

टोपलीतलं माकूल केव्हाच मेलं होतं, तरी त्याच्या पाठीवर रंग हलत होते. तपकिरी ठिपके फुलायचे, मिटायचे, पुन्हा दुसरीकडेच कुठेतरी फुलायचे. रत्नागिरीला आत्याच्या मागच्या दारी मासेवाली पायरीवर टेकली होती आणि ‘बघा ताई, किती ताजं हाय’ म्हणत त्या ठिपक्यांकडेच बोट दाखवत होती.

“आत्या, घाबरलंय गं ते,” मी म्हटलं.

“मेलंय,” आत्या म्हणाली आणि मासेवालीकडे वळली. “कसं दिलंस?”

आत्याने एकतीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. तिच्या हाताखालून किती बेडूक आणि किती झुरळं गेली ते तिलाही सांगता येणार नाही. मी लिहिते, आणि त्या दिवसांत ऑक्टोपसच्या पार नादी लागले होते. ‘माय ऑक्टोपस टीचर’ हा दक्षिण आफ्रिकेतला माहितीपट दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा रडले होते, आणि ‘समुद्रातला दुसरा बुद्धिमान’ अशा काहीतरी मथळ्याचा लेख डोक्यात तयार होता. छापायला देण्याआधी आत्याच्या कानावर घालावा, म्हणून सांगायला बसले. ती माकूल साफ करत होती, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. जे बोलणं झालं ते जवळपास तसंच खाली देते आहे. मथळा बदलावा लागला.

“आधी हे बघ.” तिने एक माकूल तळहातावर घेतलं. “हा एकेक ठिपका म्हणजे रंगाची इवलीशी पिशवी. तिच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे स्नायू. स्नायूंनी ओढ दिली की पिशवी पसरते, रंग दिसतो. सैल सोडलं की आकसते, रंग गेला. जिवंतपणी या स्नायूंना मेंदूकडून थेट तारा आलेल्या असतात, म्हणून डोळ्याचं पातं लवायच्या आत अंगभर रंग बदलतो. आता मेंदू गेला, पण स्नायूंत धुगधुगी आहे. ते आपले आपण ओढताहेत. तू त्याला भीती म्हणालीस.”

“पण जिवंत ऑक्टोपस घाबरला की पांढराफटक पडतो, भांडायला उठला की काळवंडतो...”

“पडतो की. रंगाचा आणि भीतीचा संबंध नाही असं मी कुठे म्हटलं? रंग दिसला म्हणजे आत भीती आहेच, असं धरून चालू नकोस. या टोपलीत तर नव्हतीच.”

पहिल्याच घासाला खडा लागावा तसं झालं. मी वेगळ्या बाजूने शिरायचं ठरवलं. “बरं, मग हे सांग. ऑक्टोपसच्या डोळ्यात रंग ओळखणारं द्रव्य एकाच प्रकारचं, आपल्याकडे तीन. म्हणजे तो रंगांधळा. तरी ज्या खडकावर बसेल त्या खडकासारखा होतो. जो रंग दिसतच नाही तो त्याला कळतो कसा?”

आत्याचे हात थांबले. चांगला प्रश्न विचारणारा विद्यार्थी भेटला की तिचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला असावा. मी तिच्या वर्गात कधी नव्हते, पण तिच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकलं आहे.

“खडकाचा उजेड-काळोख आणि खडबडीतपणा जुळला, की शिकाऱ्याला फसवायला बऱ्यापैकी पुरतं. खडबडीतपणासाठी तर तो कातडीलाच कोंब काढतो आणि क्षणात पुन्हा गुळगुळीत होतो. शिवाय कातडीलाही उजेड कळतो. २०१५ साली कॅलिफोर्नियात दाखवलंय, की डोळ्यातल्यासारखंच प्रकाश टिपणारं प्रथिन कातडीत असतं, आणि कातडीचा तुकडा वेगळा काढून त्यावर उजेड पाडला तरी त्यातल्या रंगपिशव्या पसरतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका बापलेकांनी आणखी वेगळं मांडलं. त्याची बाहुली विचित्र, आडव्या फटीसारखी. तिच्यातून आत येणारे वेगवेगळे रंग भिंगामागे वेगवेगळ्या अंतरावर स्पष्ट होतात. तर भिंग पुढेमागे करून तो रंगाचा अंदाज घेत असेल, असं ते म्हणतात. कल्पना देखणी आहे. अजून कल्पनाच आहे. पण एक बघ, उत्तर कुठलंही घे, ते कातडीचं नाहीतर भिंगाचं आहे. मन मध्ये आलंच नाही.”

“डोळा तरी मानशील? आपल्यापेक्षा सरस डोळा. आपल्या डोळ्यात तारा दृष्टिपटलाच्या पुढून येतात आणि त्याला भोक पाडून मागे जातात, म्हणून आपल्याला अंधबिंदू. त्याच्या तारा मुळातच मागच्या बाजूने. अंधबिंदू नाही.”

“मानते ना! त्याचा-आपला सामाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना, बहुधा अळीसारखा काहीतरी, आणि डोळे म्हणजे फार तर उजेड कळणारे दोन ठिपके. तिथून फुटलेल्या दोन वाटांवर कॅमेऱ्यासारखा डोळा दोनदा घडला, एकमेकांना न विचारता. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझ्याच अंगावर काटा यायचा. मला ऑक्टोपसचं कौतुक नाही असं समजू नकोस.”

“मग मनही दोनदा घडलं, असं म्हणायला काय हरकत आहे?”

“डोळा कापून बघता येतो,” आत्या म्हणाली, आणि तिने विळीवर माकुलाचं डोकं धडापासून वेगळं केलं.

डोक्यालाच सगळे हात लगडलेले. म्हणूनच या कुळाला शीर्षपाद म्हणतात. माकुलाला दहा हात, आठ आखूड आणि भक्ष्यावर झेप टाकायचे दोन लांब. ऑक्टोपसला नुसते आठ. हातांच्या मुळाशी दडलेली पोपटासारखी काळी चोच आत्याने अंगठ्याने दाबून बाहेर काढली. ऑक्टोपसच्या अंगात कडक असं जवळजवळ एवढंच असतं. चोच जिथून मावेल तिथून बाकीचा देह ओघळतो. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मत्स्यालयातला इंकी नावाचा ऑक्टोपस २०१६ साली असाच गेला. टाकीचं झाकण जरासं उघडं राहिलं होतं. जमिनीवरून सरपटत तो सांडपाण्याच्या नळीत शिरला आणि थेट समुद्रात. मी हे सांगितलं तेव्हा आत्या ‘शाब्बास’ म्हणाली. कोणाला ते कळलं नाही.

आता मी आकड्यांवर आले. “ऑक्टोपसला पन्नास कोटी चेतापेशी असतात. कुत्र्याइतक्या.”

“कुत्र्याच्या मेंदूच्या नुसत्या वरच्या सालीत तेवढ्या असतात. अख्ख्या कुत्र्याशी तुलना करू नकोस. पन्नास कोटी हा आकडा जे. झेड. यंग यांचा, १९६३ सालचा. मोठा माणूस, नेपल्सच्या सागरी केंद्रात वर्षानुवर्षं ऑक्टोपसचा मेंदू धुंडाळत बसलेला. पण त्या पन्नास कोटींतल्या दोन-तृतीयांश हातांमध्ये आहेत, ते सांगायचं राहिलं तुझं. मधला मेंदू म्हणजे अन्ननलिकेभोवतीचं कडं. गिळलेला घास मेंदूच्या भोकातून खाली उतरतो.”

“ते सांगणारच होते. म्हणजे नऊ मेंदू!”

“नऊ मेंदू लिहिणाऱ्याचे मी गुण कापायचे.” ती खरंच चिडली होती. “हातात चेतापेशींच्या गाठींची माळ असते, मेंदू नसतो. असं बघ, तुझ्या हाताला कोपर आहे, मनगट आहे. तो वाकून वाकून किती ठिकाणी वाकेल? याच्या हातात हाड नाही. कुठेही वाकतो, कुठेही लांबतो, पिळतो. वर प्रत्येक हातावर दोन-दोनशे चूषक, प्रत्येक चूषक स्वतंत्रपणे हलणारा आणि चव घेणारा. एवढ्या सगळ्याचा हिशेब मधून ठेवायचा म्हटला तर मेंदू वेडा होईल. म्हणून कामं हातांकडेच सोपवलेली. जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत २००१ साली हाताचा मेंदूशी असलेला संबंध तोडला आणि हाताला नुसती चेतना दिली. हात अगदी जिवंत ऑक्टोपससारखा लांबला. तोच बाक, तीच लाट मुळापासून टोकाकडे. तू ज्याला बुद्धी म्हणतेस त्यातला मोठा भाग शरीर हलवण्याचा खर्च आहे.”

“आणि तुटलेला हात?”

“तासभर तरी वळवळतो. हाताला लागेल ते धरतो. पण दुसऱ्या ऑक्टोपसचा हात त्याला दे, धरणार नाही. त्याच हाताची कातडी सोलून दे, धरेल. त्याच प्रयोगशाळेतून २०१४ साली आलेलं आहे हे. कातडीतच काहीतरी निरोप असतो, ‘इथे चिकटू नकोस’ असा. नाहीतर आठ हातांच्या त्या गाठोड्याची स्वतःशीच गाठ बसेल. हातांना वरून सारखं सांगत बसावं लागत नाही.”

मी गप्प बसले, कारण मला मराठी आठवली. आपण ‘मी केलं’ म्हणतो आणि ‘माझ्या हातून झालं’ असंही म्हणतो. कप फुटला की दुसरं. त्या दोन वाक्यांत फरक आहे हे आपल्याला शाळेत कोणी शिकवत नाही, तरी कोर्टात उभं राहायची वेळ आली तर प्रत्येकाला तो बरोबर कळतो. ऑक्टोपसचं अर्धंअधिक आयुष्य ‘हातून झालं’ या सदरात जात असेल का? आणि तसं असेल तर ‘मी केलं’ म्हणायला तिथे कोणी आहे की नाही? हे मी बोलून दाखवलं.

आत्याने चोच कागदावर ठेवली. “आता तूच विचारलंस म्हणून. माझ्या बाजूला न बसणाराही एक प्रयोग आहे, त्याच जेरुसलेमच्या लोकांचा, २०११ चा. पारदर्शक नळ्यांचा छोटा चकवा केला. एक हात आत घालायचा आणि तीनपैकी ज्या फाट्याला खाऊ आहे तिकडे वळवायचा. हात मध्येच पाण्याबाहेर येत असल्यामुळे वासाचव कामाची नाही. डोळ्यांनी बघून हाताला वाट दाखवावी लागेल. बहुतेक ऑक्टोपसना जमलं. म्हणजे वेळ आली की वरून हुकूम सुटतो.”

“मग?”

“मग काही नाही. तुला सगळं सांगितलं पाहिजे ना. उगाच एका बाजूचं कशाला.”

हाच आत्याशी वाद घालण्यातला त्रास. ती जिंकायला बसलेली नसते.

मग मी चार्ल्स काढला. ऑक्टोपसवर लिहिणारा प्रत्येक जण कधी ना कधी चार्ल्स काढतोच. हार्वर्डच्या पीटर ड्यूज यांनी नेपल्सला तीन ऑक्टोपस घेतले, नावं अल्बर्ट, बर्ट्रम आणि चार्ल्स. तरफ ओढली की माशाचा तुकडा, असा साधा व्यवहार शिकवायचा होता. उंदीर-कबुतरांवर हे सर्रास चाले. अल्बर्ट आणि बर्ट्रम निमूटपणे शिकले. चार्ल्सही शिकला, पण काही हात टाकीच्या भिंतीला रोवून बाकीच्यांनी तरफेला असे हिसके देऊ लागला की ती वाकली आणि शेवटी मोडली. टाकीवर टांगलेला दिवा त्याने पाण्यात ओढला. आणि जो कोणी टाकीपाशी येईल त्याच्यावर पाण्याची पिचकारी. ड्यूज यांनी १९५९ साली हे सगळं शास्त्रीय निबंधात, शास्त्रीय गांभीर्याने नोंदवून ठेवलं.

“म्हणजे त्याला कंटाळा आला होता,” मी म्हटलं. “किंवा राग. त्याने असहकार पुकारला.”

“किंवा तरफेत गंज होता आणि गंजाची चव त्याला आवडली. किंवा दिव्याचा त्रास होत होता. हातात आलेली वस्तू ओढून बघायची, ही ऑक्टोपसची सवयच आहे. शिंपला तो तसाच उघडतो. चार्ल्ससाठी तरफ हा एक न उघडणारा शिंपला असेल. तू मात्र त्याला गांधी करून मोकळी झालीस.” ती हसली. “आणि तुमचा अख्खा पंथ एका चार्ल्सवर उभा आहे गं. १९५९ पासून एकच चार्ल्स. तीनपैकी एक! अल्बर्ट आणि बर्ट्रमवर कोणी पुस्तक का लिहीत नाही?”

“कारण ते कंटाळवाणे आहेत.”

“तेच म्हणतेय मी.”

मी ॲरिस्टॉटल काढला, म्हणजे खरं तर आगीत तेल घातलं. ॲरिस्टॉटलने ऑक्टोपसला मूर्ख म्हणून ठेवलं आहे. कारण काय, तर पाण्यात हात घातला की तो पळायचं सोडून हाताकडे येतो. “बघ, तेवीसशे वर्षांपूर्वी इतका मोठा माणूस चुकला. येणं हा मूर्खपणा नव्हता, कुतूहल होतं. त्या माहितीपटातही ती मादी हात लांब करून पोहणाऱ्याचा हात चाचपते, तिथेच तर सगळे विरघळतात.”

“ॲरिस्टॉटलने बघितलं ते बरोबरच बघितलं,” आत्या म्हणाली. “हात घातला की ऑक्टोपस येतो. तेव्हाही यायचा, आजही येतो. ऑक्टोपसने काहीच बदललं नाही. एकाने त्याला मूर्खपणा म्हटलं, तू कुतूहल म्हणतेस. नाव ठेवताना दोघांनाही ऑक्टोपसला विचारता आलं नाही. हा हात नुसता चव घ्यायलाही आला असेल. त्याच्या चूषकांना चव कळते म्हटलं ना मी? तू कोणाचा हात हातात घेतेस ते काय चव बघायला?”

यावर उत्तर नव्हतं. होतं ते एवढंच, की चव घ्यायला येणं हेही कुतूहलच असू शकतं. पण ते मला बसमध्ये सुचलं, परत येताना.

सिएटलच्या मत्स्यालयातलं मी भरभर सांगून टाकलं. तिथे जेनिफर मॅथर आणि रोलंड अँडरसन यांनी आठ ऑक्टोपसांच्या टाक्यांत औषधाच्या रिकाम्या बाटल्या तरंगत्या ठेवल्या. दोघांनी बाटलीवर पाण्याचा फवारा मारून ती पाणी सोडणाऱ्या तोटीकडे ढकलायला सुरुवात केली. तिथल्या धारेने बाटली परत यायची, हे पुन्हा ढकलायचे. चेंडू भिंतीवर आपटणाऱ्या पोरासारखं. पुढे २०१० साली त्यांनी असंही दाखवलं, की एकसारखा गणवेश घातलेल्या दोन माणसांतला खाऊ देणारा कोण आणि काटेरी काठीने टोचणारा कोण, हे ऑक्टोपस ओळखायला लागतात. आत्याने फक्त ‘आठांतले दोन’ एवढंच म्हटलं आणि माणसं ओळखण्याचं मात्र मान्य केलं. नेपल्समधला १९९२ चा प्रयोग, ज्यात एका ऑक्टोपसने दुसऱ्याचं बघून योग्य रंगाचा चेंडू निवडला, तो तिने झटकूनच टाकला. त्याच्यावर तेव्हाच शंका घेतल्या गेल्या होत्या, आणि जन्मभर एकट्या राहणाऱ्या प्राण्याला दुसऱ्याचं बघून शिकायची गरज काय, हा तिचा प्रश्न होता.

“पूर्ण एकटाही नसतो,” मी म्हटलं. “ऑस्ट्रेलियात जर्व्हिस बेमध्ये २००९ साली एका पाणबुड्याला जागा सापडली, शिंपल्यांच्या ढिगात शेजारी शेजारी बिळं. ऑक्टोपसांची वाडीच. तिथे ते एकमेकांवर गाळ आणि शिंपले फेकतात, आणि कधीकधी तो मारा शेजाऱ्याला लागतो. २०२२ साली छापून आलंय.”

“शेजारी आहेत म्हणजे समाज आहे असं नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये बघ.”

आत्याने माकुलाच्या पाठीत बोटं घातली आणि आतून पांढरं, होडीच्या आकाराचं, हलकं असं समुद्रफेण काढून माझ्या हातावर ठेवलं. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ते. आयुर्वेदात त्याचं चूर्ण वापरतात. नाव फेण असलं तरी तो समुद्राचा फेस नाही.

“हे या कुळाचं वडिलोपार्जित घर,” ती म्हणाली. “यांचे पूर्वज शंखवाले. मग कोणी कवच आत घेतलं, तरंगायला वापरलं, ते हे माकूल. ऑक्टोपसने तर तेही जवळजवळ टाकून दिलं. घर टाकलं आणि उघड्यावर आला. मऊ मांस, काटा नाही, विष बहुतेकांचं माणसाला न बाधणारं. समुद्रातला जो तो त्याला खायला टपलेला. आता लपायचं तर कातडी हवी, पळायचं तर डोळा हवा, बिळं शोधायची, वाट लक्षात ठेवायची. सगळं घर सोडल्याची किंमत. तू मघापासून ज्याला मन म्हणते आहेस ना, ते बेघरपण आहे.”

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते लिहून घेतलं. आत्याला ते आवडलं नाही. म्हणाली, “खोडून टाक, जरा जास्तच झालं ते.” मी खोडलेलं नाही.

“आणि एवढं सगळं जमवून आयुष्य किती?” मी विचारलं. “साधा ऑक्टोपस वर्ष-दोन वर्षं. उत्तर पॅसिफिकमधला सगळ्यात मोठा, तो तीन ते पाच. आईबाप शिकवायला नाहीत. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा आई मरत असते. सगळं स्वतःचं स्वतः शिकायचं आणि शिकून होतं न होतं तोच मरायचं. असल्या दोन दिवसांच्या पाहुण्याला निसर्गाने एवढी महागडी यंत्रणा का दिली? मला याच्यातच काहीतरी... म्हणजे, मला त्याने वाईट वाटतं.”

“वाईट वाटू दे. पण मरण कसं येतं ते ठाऊक आहे का तुला?” तिने शाईची पिशवी न फुटता अलगद बाजूला काढली, एका हाताने, बोलता बोलता. “अंडी घातली की मादी खाणं सोडते. अंड्यांवर पाणी फुंकत राहते, साफ करत राहते, वाळत जाते आणि अंडी फुटली की मरते. आईच्या त्यागाची गोष्ट म्हणून लोक सांगतात. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने अशा माद्यांच्या डोळ्यांमागच्या दोन बारीक ग्रंथी काढून टाकल्या. मादीने अंडी सोडली. खायला लागली. वजन वाढलं, कितीतरी जास्त जगली. त्यागबिग गेला. दोन ग्रंथी होत्या त्या.”

मी पाणी प्यायला उठले. परत आले तेव्हा माझ्याकडेही एक गोष्ट होती, जी मी लेखाच्या शेवटासाठी राखून ठेवली होती.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॉन्टेरीच्या घळीत, सुमारे चौदाशे मीटर खोल, ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक मादी पाहिली. पाण्याखालच्या यंत्राच्या कॅमेऱ्यात. उभ्या खडकावर अंडी चिकटवून त्यांच्यावर बसलेली. अंगावरच्या व्रणांवरून ती ओळखता यायची. पुढची साडेचार वर्षं ते पुन्हा पुन्हा तिथे गेले, एकूण अठरा वेळा. दर वेळी तीच, त्याच जागी. तिची कातडी फिकट होत गेली, डोळे गढुळले, अंग आकसलं. समोरून खेकडे जायचे, ती बघायची नाही. यंत्राच्या हाताने खेकड्याचे तुकडे पुढे केले, तेही घेतले नाहीत. त्रेपन्न महिने. इतका काळ अंडी सांभाळणारा दुसरा प्राणी माहीत नाही. २०११ च्या ऑक्टोबरात गेले तेव्हा खडकावर रिकाम्या अंड्यांची टरफलं लोंबत होती. ती नव्हती.

आत्या बराच वेळ नळाखाली माकूल धूत राहिली.

“ग्रंथी त्रेपन्न महिने चालली,” मी म्हटलं, जरा कडवटपणे.

“थंड पाणी. तिथे सगळंच सावकाश होतं.” मग म्हणाली, “तुला वाटतं ग्रंथी म्हटलं की मी हलकं करते. विनू झाला तेव्हा मी चार महिने सलग दोन तास झोपले नव्हते. तेही काय कोणाच्या आज्ञेने केलं? ग्रंथीच की. माझ्या हातून झालं.” तिने मघाशी मी वापरलेला शब्दप्रयोग परत केला आणि नळ बंद केला. “ग्रंथी आहे म्हणून माया खोटी ठरत नाही. पण माझी माया मला आतून माहीत आहे. तिची मला माहीत नाही. एवढाच माझा मुद्दा आहे, आणि तो मी सोडणार नाही.”

मला वाटलं आता संपलं. पण तिलाच काहीतरी खुपत होतं.

“तुझ्या लेखात शेवटी काय म्हणणार होतीस?”

“हेच, की ऑक्टोपस इतका हुशार आहे तर त्याला असा मारू नये, पाळू नये. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात शीर्षपादांना वेदना जाणवणारे प्राणी म्हणून धरलंय. स्पेनमधल्या एका कंपनीला कॅनरी बेटांवर ऑक्टोपसची शेती करायची आहे, त्यावर केवढा गदारोळ झाला. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ साली अशा शेतीवर बंदीच आणली.”

“चांगलं केलं.”

मी चमकले. “तुला पटतं?”

“वेदनेचं पटतं. रॉबिन क्रूक यांचा २०२१ चा प्रयोग वाच. ऑक्टोपसच्या हातात आम्ल टोचलं. ज्या खोलीत टोचलं ती खोली त्याची आधी आवडती होती, ती त्याने सोडली. टोचल्या जागी चोचीने कातडी कुरतडत बसला. बधिर करणारं औषध दिलं की हे सगळं थांबलं. अंगावर उमटणारा रंग नाही हा, सवय नाही. दुखतंय, आणि दुखू नये म्हणून तो काहीतरी करतोय. एवढ्यावर मी थांबायला तयार आहे. मला खटकतं ते तुझं ‘इतका हुशार आहे तर’. बाटली उघडता येते म्हणून जीव वाचवायचा? मग अल्बर्ट आणि बर्ट्रमचं काय? त्यांनी काय घोडं मारलंय? वर्गात पहिला आलेल्यालाच दुखतं असं कुठे असतं का?”

मी वहीत ‘हुशार’ या शब्दाभोवती गोल काढला. तो अजून तसाच आहे.

“आणि तू मघापासून ऑक्टोपस, ऑक्टोपस करतेस,” आत्या पुढे म्हणाली. कढईत तेल तापत होतं, तिने लसूण ठेचून टाकली. “या माकुलाबद्दल एक शब्द नाही. लहान मुलांपुढे एक गोळी ठेवतात आणि सांगतात, थांबलास तर नंतर दोन मिळतील. तसा प्रयोग माकुलांवर झालाय. २०२१ साली आला. समोर जेमतेम आवडणारा खाऊ लगेच मिळणारा, आणि जरा वेळाने आवडती जिवंत कोळंबी. माकुलं थांबली. काही तर एकशे तीस सेकंद.”

मी कढईकडे बघितलं. आत्याने कांदा, मग लाल तिखट, मग माकुलाचे पांढरे कापे सोडले. रंगाचे ठिपके कातडीबरोबर केव्हाच निघून गेले होते.

“हे आता सांगतेस?”

“तू आता विचारलंस. फार शिजवलं की चामडं होतं हं याचं, ताटं घे.”

ताटं घेतली. भात, माकुलाचं सुकं, सोलकढी. आत्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून एकदा मान हलवली, तिचं ते नेहमीचंच आहे. मी हात धुऊन बसले होते, ताटाकडे बघत. समुद्रफेण खिडकीत वाळत ठेवलं होतं, शेजारच्यांच्या पोपटासाठी.

आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“एकशे तीस सेकंद होऊन गेले,” ती म्हणाली. “गार होईल.”